राउटरला हार्ड डिस्क लावायची तर फॉरमॅट कुठला? आमच्या घरच्या लग्नाच्या कॅसेटींमुळे कळलेलं सगळं

दादाचं लग्न २००५ सालचं. त्याचं शूटिंग मिनीडीव्ही कॅसेटींवर झालेलं, त्या काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या असतात ना त्या, आणि अशा अकरा कॅसेटी इतकी वर्षं बाबांच्या कपाटात श्रीखंडाच्या डब्यात पडून होत्या. कॅमेरा कधीच बिघडला होता त्यामुळे बघायचं कसं हा प्रश्न. शेवटी गेल्या वर्षी एका स्टुडिओवाल्याकडून त्या कॉम्प्युटरवर घेऊन आणल्या. हे काम वेळखाऊ असतं, एका तासाची कॅसेट घ्यायला एक तासच लागतो, ती चालवत चालवतच घ्यावी लागते, आणि एका तासाची फाईल होते साधारण १३ जीबीची. म्हणजे अकरा कॅसेटींचे झाले जवळपास १४३ जीबी. हा १३ जीबीचा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच अडलं.

माझ्या डोक्यात होतं ते असं, की हे सगळं एका हार्ड डिस्कवर टाकायचं, ती डिस्क हॉलमधल्या वायफाय राउटरला मागे यूएसबीचं पोर्ट आहे तिथे लावून ठेवायची, आणि मग आईला टीव्हीवर, बाबांना टॅबवर, मला लॅपटॉपवर ज्याला जेव्हा पाहिजे तेव्हा बघता यावं. कारण नाहीतर होतं काय, की प्रत्येक वेळी "अगं ते पेनड्राईव्हमध्ये टाकून दे ना" असा निरोप येतो आणि मग एकाच व्हिडिओच्या सहा कॉपी सहा ठिकाणी आणि नेमकी पाहिजे तेव्हा एकही सापडत नाही. सोबत बाबांच्या भजनी मंडळाची जुनी रेकॉर्डिंग आणि सगळ्यांचे फोटो धरून एकूण ३५० जीबीचा ऐवज होता.

तर पहिला धक्का स्टुडिओवाल्याने दिलेली डिस्क लॅपटॉपला लावल्यावरच बसला. स्क्रीनवर विंडोजची चौकट आली की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? आणि खाली बटण, फॉरमॅट डिस्क. बाबा शेजारीच बसले होते, म्हणाले, "विचारतंय ते, हो म्हण ना." माझा हात माऊसवर होता. मी कॅन्सल केलं, आणि ते केलं म्हणून आज हे लिहितेय. त्या डिस्कमध्ये काहीच बिघाड नव्हता. फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत, आणि फॉरमॅट करणं म्हणजे आधीचं पुसून ती नव्याने आखणं. स्टुडिओत मॅकवर काम करतात त्यामुळे डिस्क मॅकच्या फॉरमॅटमध्ये होती, एचएफएस प्लस म्हणतात त्याला, आणि विंडोजला ते आपणहून वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून ते "फॉरमॅट करू का" विचारतं. विंडोजच्या बाजूने तो साधा प्रश्न आहे, पण तुमच्या डिस्कवर लग्न, मुंज, गेलेल्या माणसांचे आवाज असं काही असेल तर कृपा करून ती चौकट दिसली की आधी बंद करा, डिस्क काढा, आणि ती दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडते का ते बघा. मॅक असलेला कोणी ओळखीचा शोधा. आमच्याकडे वहिनीचा मॅकबुक होता, दादा वहिनी पुण्याहून आले तेव्हा तिने लावली आणि सगळ्या अकराच्या अकरा फाईली दिसल्या. आईने देवापुढे साखर ठेवली.

मग वहिनीने मी आणलेल्या नव्या १ टीबीच्या डिस्कवर सगळी कॉपी करून दिली. ती डिस्क तिने फॉरमॅट केली एक्सफॅटमध्ये, कारण एक्सफॅट मॅकवर पण चालतं आणि विंडोजवर पण, दोन्हीकडे लिहिता पण येतं. निर्णय अगदी बरोबर होता, माझ्या लॅपटॉपवर डिस्क लगेच उघडली. आणि मी खुशीत ती राउटरला लावली तर काही नाही. डिस्कचा दिवा लागतोय, आत फिरल्याचा बारीक आवाज येतोय, पण राउटरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये त्याच्या सेटिंगचं जे पान उघडतं तिथे, यूएसबी सेटिंगमध्ये डिस्क नाही म्हणून दाखवतंय.

इथे मी दोन संध्याकाळी घालवल्या. राउटर बंद चालू करून झाला, वायर बदलून झाली. मग एक जुना ८ जीबीचा पेनड्राईव्ह लावून बघितला तर तो ताबडतोब दिसला. म्हणजे पोर्ट चांगलं होतं. ही तपासणी सगळ्यात आधी करायला पाहिजे, कुठलाही जुना पेनड्राईव्ह घ्या आणि लावा, पाच मिनिटांत कळतं की अडचण पोर्टची आहे का डिस्कची. पेनड्राईव्ह होता फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये. मग कपाटातून राउटरचं खोकं काढलं, त्यातलं बारीक अक्षरातलं पुस्तक काढलं, आणि त्यात एका ओळीत स्वच्छ लिहिलेलं होतं की हा राउटर फॅट३२ आणि एनटीएफएस, म्हणजे विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट, वाचतो. एक्सफॅटचं नावसुद्धा नाही.

आता असं का, ते समजून घेतलं तेव्हा मला सगळाच उलगडा झाला. राउटर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच असतो आणि त्याच्या आत बहुतेक वेळा लिनक्स चालतं, विंडोजसारखीच पण वेगळी सिस्टीम. एक्सफॅट हे मायक्रोसॉफ्टचं, २००६ सालचं, पण त्याचे हक्क मायक्रोसॉफ्टने बरीच वर्षं स्वतःकडे ठेवले होते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जाऊन त्यांनी त्याची सगळी माहिती उघड केली आणि लिनक्समध्ये ते घालायला होकार दिला. त्याच वर्षाच्या शेवटी लिनक्सच्या ५.४ या आवृत्तीत ते पहिल्यांदा आलं. आमचा राउटर त्याच्या आधीचा. त्याला एक्सफॅट कोणी शिकवलेलंच नाही तर तो वाचणार कसा?

आणि दुसरी गोष्ट जी मला आधी कोणी सांगायला पाहिजे होती ती ही, की डिस्कची वायर ज्या मशीनमध्ये जाते फक्त त्यालाच तो फॉरमॅट कळावा लागतो. बाकी कोणालाही नाही. टीव्ही, फोन, मॅक, लॅपटॉप हे सगळे वायफायवरून राउटरशी बोलतात, डिस्कशी नाही, राउटर डिस्कवरून वाचतो आणि त्यांना देतो. म्हणजे एनटीएफएसची डिस्क थेट मॅकला लावली तर मॅक ती नुसती वाचतो, त्यावर लिहू देत नाही, पण तीच डिस्क राउटरला लावली की वहिनी तिच्या मॅकवरून आरामात त्यात फोटो टाकू शकते, कारण लिहिणारा राउटर असतो. त्यामुळे "आमच्याकडे मॅक पण आहे आणि विंडोज पण, मग कुठला फॉरमॅट घेऊ" हा प्रश्नच राउटरच्या बाबतीत चुकीचा आहे. राउटरला काय येतं ते बघायचं आणि तेच करायचं.

मग आमच्यासमोर पर्याय राहिले फॅट३२ आणि एनटीएफएस. फॅट३२ जवळपास प्रत्येक राउटर वाचतो, पण त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही. डिस्कवर ९०० जीबी मोकळे असले तरी १३ जीबीची एक कॅसेट त्यावर जाणार नाही, फाईल फार मोठी आहे म्हणून विंडोज मधेच थांबवतं, आणि ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं डिस्क भरली की काय. शिवाय विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या चौकटीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कला फॅट३२ हा पर्यायच येत नाही. वेगळं सॉफ्टवेअर घेऊन करता येतं, पण आमच्या कामाचं नव्हतंच ते.

आणखी एक. त्या जुन्या पेनड्राईव्हमध्ये मी मराठीत नावं दिलेले फोल्डर होते, "आजीचे फोटो", "भजन २०११" असे. राउटरमधून टीव्हीवर बघितलं तर नुसती प्रश्नचिन्हं, पाच प्रश्नचिन्हं मग जागा मग चार प्रश्नचिन्हं, कुठलं फोल्डर कुठलं काही कळेना. पेनड्राईव्ह लॅपटॉपला लावला तर नावं जागच्या जागी. म्हणजे नावं बिघडलेली नव्हती, राउटर फॅट३२ वाचताना देवनागरी अक्षरं धरत नव्हता. एनटीएफएस केल्यावर आमच्या राउटरवर तीच नावं व्यवस्थित मराठीत दिसायला लागली. तुमच्याकडे असं होत असेल तर घाबरून नावं बदलत बसू नका, आधी फॉरमॅट बदलून बघा. मला स्वतःला हे फार महत्त्वाचं वाटतं, घरातल्या फाईलींना घरच्या भाषेत नाव देता आलंच पाहिजे, आईला इंग्रजीतलं स्पेलिंग वाचत बसायला लागू नये.

लिनक्सवाले लोक सांगतील ईएक्सटी४ करा, तो लिनक्सचा स्वतःचा फॉरमॅट, राउटरला तेच सगळ्यात जवळचं. त्यांचं खरं आहे, ज्या राउटरला ते चालतं तिथे वेग पण बरा मिळतो असं अनुभवी लोक सांगतात. पण मी मुद्दाम नाही केलं. उद्या राउटर जळला, किंवा मी घरी नाही आणि बाबांना डिस्क सरळ लॅपटॉपला लावायची वेळ आली, तर विंडोजला ईएक्सटी४ आपणहून वाचता येत नाही आणि मग तीच "फॉरमॅट करू का" ची चौकट बाबांसमोर येणार. ती चौकट मला त्या घरात परत यायला नको होती. म्हणून एनटीएफएस.

आता प्रत्यक्ष फॉरमॅट. आधी डेटा दुसरीकडे आहे ना हे बघणं, आमच्याकडे स्टुडिओची मूळ डिस्क होतीच. तरी मी प्रत्येक कॅसेटची फाईल वहिनीच्या मॅकवर मधूनच कुठून तरी चालवून बघितली, नुसतं नाव दिसतंय म्हणजे फाईल चांगली आहे असं नसतं. मग लॅपटॉपला लावलेले बाकीचे सगळे पेनड्राईव्ह, कार्ड काढून टाकले, फक्त ही एकच डिस्क ठेवली. स्टार्टवर उजवं क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तिथे खाली प्रत्येक डिस्कची पट्टी दिसते, डिस्क ० म्हणजे साधारणपणे लॅपटॉपची स्वतःची, तिला हातही लावायचा नाही, आणि डिस्क १ वर ९३१ जीबी दिसत होते. १ टीबीची डिस्क ९३१ दाखवते म्हणून दुकानदाराने फसवलं असं वाटून घेऊ नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, तेवढाच फरक. तर ९३१ म्हणजे आपलीच, खात्री झाली, त्या पट्टीवर उजवं क्लिक, फॉरमॅट, फाईल सिस्टीममध्ये एनटीएफएस, अलोकेशन युनिट जे आहे तेच डीफॉल्ट राहू दिलं, नाव दिलं घरडिस्क, पण ते इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता, कारण हे नाव पुढे नेटवर्कच्या पत्त्यात येतं. क्विक फॉरमॅटला टिक. ओके. अर्ध्या मिनिटात झालं.

क्विक आणि पूर्ण फॉरमॅटमधला फरक पण सांगते कारण चुकून फॉरमॅट झालेल्यांना तो कामाचा आहे. क्विकमध्ये नुसती यादी पुसली जाते, पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं, आतली पानं तशीच असतात. त्यामुळे चुकून क्विक झालं असेल तर त्या क्षणी डिस्क काढून ठेवा, त्यावर एकही नवीन फाईल टाकू नका, टेस्टडिस्क किंवा फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने बरंच परत मिळू शकतं. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं, तास लागतात त्याला, आणि त्यानंतर आशा सोडायची. जुनी वापरलेली डिस्क असेल आणि तिच्या तब्येतीची शंका असेल तर पूर्ण करावं, नव्या डिस्कला क्विक पुरतं.

मोठी डिस्क घेणाऱ्यांनी एवढं बघा की २ टीबीच्या वर गेलं की डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची एमबीआर ही जुनी पद्धत अपुरी पडते आणि जीपीटी ही नवी पद्धत घ्यावी लागते, आणि काही जुन्या राउटरना जीपीटी कळत नाही. राउटर जुना असेल तर २ टीबीपर्यंतचीच डिस्क घ्या.

फॉरमॅट झाल्यावर लगेच राउटरला लावू नका. आधी लॅपटॉपलाच लावून सगळा डेटा भरा. मी एक फाईल राउटरमधून वायफायवरून टाकून बघितली तर सेकंदाला १२ एमबीच्या पुढे जाईना, त्या वेगाने ३५० जीबीला आठ तास लागले असते, तेच लॅपटॉपच्या यूएसबी ३ ला थेट लावून तासाभरात झालं.

मग राउटरला लावली आणि या वेळी दिसली! पाच मिनिटं दिसली आणि गेली. परत आली, परत गेली, आणि दर वेळी डिस्कमधून टिक टिक असा आवाज. माझ्या पोटात गोळाच आला. पण फॉरमॅट नीट होता, कमी पडत होती ती वीज. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलीअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३ ने ९००, आणि छोट्या हार्ड डिस्कला फिरायला सुरुवात करताना त्यापेक्षा जास्त लागू शकतात. लॅपटॉप देतो निभावून, राउटर नाही देत. तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब आणला, जो वेगळा प्लगमध्ये लागतो, डिस्क त्याला लावली आणि हब राउटरला, आवाज बंद, दिवा स्थिर. डिस्क दिसते आणि गायब होते असं तुमच्याकडे होत असेल तर पुन्हा पुन्हा फॉरमॅट करत बसण्याआधी हे करून बघा, दर वेळी वीज मधेच तुटल्याने डिस्कचंच नुकसान होतं.

ज्यांच्या राउटरला यूएसबी ३ चं पोर्ट आहे त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट, यूएसबी ३ च्या वायरीमधून जो गोंगाट निघतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायच्या आड येतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलेलं आहे. डिस्क लावल्यापासून स्वयंपाकघरात रेंज कमी झाली असं वाटलं तर डिस्क अँटेनापासून लांब ठेवा, किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये यूएसबी २ वर आणायचा पर्याय असतो काही ठिकाणी, तो निवडा.

लॅपटॉपवरून डिस्क उघडताना पण अडलं. फाईल एक्सप्लोररमध्ये दोन उलटे स्लॅश आणि राउटरचा पत्ता, आमचा १९२.१६८.१.१, इंग्रजी आकड्यात, असं टाकलं की डिस्क दिसायला पाहिजे, पण विंडोज म्हणे हा एसएमबी१ वापरतोय, असुरक्षित आहे. एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फाईली द्यायची घ्यायची पद्धत, आणि तिची पहिली आवृत्ती खूप जुनी, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा जो व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्याच भोकातून, त्यामुळे त्याच वर्षाच्या शेवटापासून विंडोज १० मध्ये ती मुळात टाकणंच बंद झालं. व्हिडिओ बघून लोक सरसकट एसएमबी१ चालू करून घेतात. मी नाही केलं, त्याच लॅपटॉपवर माझं बँकेचं काम असतं. राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट आलेलं होतं ते टाकलं, त्यात एसएमबी२ आलं आणि काम झालं. राउटरच्या पानावर एफटीपी, म्हणजे फाईली पाठवायची आणखी एक पद्धत, इंटरनेटवरून चालू करायचा पर्याय होता तो बंदच ठेवला, आणि डिस्कला पासवर्ड टाकला. घरचे फोटो आहेत ते, गावाला दाखवायला नाही.

टीव्हीला मूळ डीव्ही फाईल चालत नव्हत्या, म्हणून हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येकीची एक एमपी४ कॉपी केली, १३ जीबीची २ जीबी झाली, ती टीव्हीसाठी, आणि मूळ फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये तशाच. बाबांच्या टॅबवर व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं अ‍ॅप टाकलं, त्यात लोकल नेटवर्कमध्ये डिस्क सरळ दिसते.

जूनमध्ये वळवाच्या पावसात लाईट गेली तेव्हा मी नेमकी फोटो टाकत होते. लाईट आल्यावर राउटरने डिस्क घेतलीच नाही. लॅपटॉपला लावली, स्कॅन करून दुरुस्त करायला सांगितलं, काही मिनिटांत ठीक झाली, अर्धवट गेलेले चार फोटो परत टाकावे लागले बाकी सगळं शाबूत. एनटीएफएसमध्ये चाललेल्या कामाची नोंद ठेवलेली असते त्याचा इथे उपयोग होतो, फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये ती सोय नाही. आमच्याकडे नाशिकला पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, म्हणून आता राउटरला छोटा यूपीएस आहे आणि हबचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या प्लगवर. स्टुडिओची मूळ डिस्क दादाकडे पुण्याला ठेवलीय, कारण राउटरला लावलेली एकच डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे.

पहिल्यांदा टीव्हीवर लावलं तेव्हा तिसऱ्या कॅसेटमध्ये आजी दिसली. पंगतीत वाकून कोणाला तरी आग्रहाने जिलबी वाढतेय आणि कॅमेऱ्याकडे बघून "मला काय काढतोस, नवरीला काढ" म्हणतेय. २००९ मध्ये गेली ती. तिचा आवाज आमच्यापैकी कोणीच तेव्हापासून ऐकला नव्हता. बाबांनी रिमोट घेतला, तेवढाच तुकडा मागे नेऊन परत लावला, मग परत. नंतर मला म्हणाले, "हे कसं लावायचं ते मला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे." मी लिहून दिलं, टीव्हीचं सोर्स बटण, मग घरडिस्क, मग "दादाचं लग्न", मग कॅसेट ३. खाली लाल पेनाने लिहिलं की वायर कधीही ओढून काढायची नाही, आधी मला फोन करा, मी राउटरच्या पानावरून डिस्क बंद करून देते. कागद टीव्हीच्या शेजारी कॅलेंडरला टाचलेला आहे. खाली बाबांनी स्वतःच्या अक्षरात भर घातलीय, "आई: १४ मिनिटं १० सेकंद".